रेस सोडली की बोट ऐकत नाही: वॉटरजेट कॅटामरान वळवायची आणि थांबवायची कशी?

रंकाळाकाठ (सोमवार, रात्री ११.१०)

मंडळी, तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय, म्हणून शेवटी धागाच काढतो.

मी उद्यमनगरात पॅटर्न करतो, म्हणजे फौंड्रीसाठी लाकडी नमुने. समुद्राशी संबंध म्हणाल तर वर्षाआड गणपतीपुळे आणि एकदाच गेटवेवरून मांडव्याला गेलेलो. त्या मांडव्याच्या फेरीत बोटीचं वेड लागलं ते लागलंच. रात्री जेवणं उरकली की तासभर जहाजाच्या सिम्युलेटरवर बसतो. टगबोट झाली, मालवाहू जहाज झालं. मालवाहू धक्क्याला लावायला दोन महिने गेले, पण आता झोपेतसुद्धा लावीन.

आता घेतलीय ४० मीटरची अ‍ॅल्युमिनियमची कॅटामरान फेरी. दोन अरुंद होड्या वरून एकाच डेकनं जोडाव्यात तशी, आणि प्रत्येक होडीच्या शेपटीला एक वॉटरजेट. ३४ नॉटला पळते तेव्हा इतकी गोड चालते की चाकाला बोट लावलं तरी वळते. गोंधळ होतो तो शेवटच्या अर्ध्या मैलात. मालवाहू जहाजावर लागलेल्या सवयीनं मी लांबूनच रेस सोडतो आणि बोट आपोआप मंदावू देतो. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली बसते, वेग १२-१३ नॉटपर्यंत येतो आणि तिथून पुढं बोट ऐकणंच सोडते. चाक पूर्ण डावीकडं फिरवलं तरी ती सरळच जाते, वारा ढकलेल तिकडं जाते. काल एकविसाव्यांदा जेटीच्या कोपऱ्यावर गेली, वेग ६ नॉट. बोटीत ३०० माणसं आहेत असं समजून चालवतो, त्यामुळं आपटली की पोटात खड्डा पडतो.

स्क्रीनवर 'बकेट' असा एक आकडा दिसतो. तो कायम १०० वर असतो, मी त्याला हात लावलेला नाही. कुणाला ह्यातलं माहीत असेल तर नीट समजावून सांगा. घाई नाही.

कळंबा रोड (सोमवार, रात्री ११.३२)

वारा किती ठेवलाय? आधी वारा शून्य करून बघा, मग कळेल दोष बोटीचा की वाऱ्याचा.

रंकाळाकाठ (सोमवार, रात्री ११.४०)

शून्यावर पण करून बघितलं. वाऱ्यानं ढकलत नाही एवढाच फरक. वळायचं नाव नाही.

शिरोळचा पंपवाला (मंगळवार, सकाळी ६.०५)

भावा, तुमच्याकडं इंपेलरचे, म्हंजे पंपातल्या फिरत्या चाकाचे, नमुने करतात, तेच हाय बघ ह्यात. वॉटरजेट म्हंजे पंप. बोटीच्या बुडाला तोंड, तिथनं पाणी आत वढायचं, इंपेलरनं जोर द्यायचा आणि मागच्या नोझलमधनं धार मारायची. बाकी काय न्हाय.

शेतावर लिफ्टचं पाणी सुटतं तवा डिलिव्हरीचा पाईप कधी हातात धरलायस का? धार पुढं जाती आणि पाईप मागं रेटतो. पाईपचं तोंड डावीकडं केलं की तो तुला उजवीकडं ढकलतो. दोन माणसं लागतात आवरायला. तुझ्या बोटीचं चाक हेच करतंय, नोझलचं तोंड डावी-उजवीकडं फिरवतंय. आणि तू काय केलंस, तर मोटारच बंद केलीस. धार मेली. आता तोंड कुठंबी कर, पाईप काय ढकलणार?

पाण्यावर चाललोय, संध्याकाळी बोलू.

तांडेलाचा नातू (मंगळवार, दुपारी १.२०)

पंपवाल्यांनी एका दमात सांगितलं, ह्याहून सोपं मला जमलं नसतं. मी थोडी भर घालतो. मूळचा रत्नागिरीचा, आता निवृत्त होऊन कोल्हापुरात. चौदा वर्षं जेटच्या गस्ती बोटींवर काढली. (आपल्या नौदलाच्या कार निकोबार वर्गाच्या बोटींनाही तीन-तीन वॉटरजेट आहेत, त्यामुळं हा प्रकार आपल्याकडं नवा नाही.)

मालवाहू जहाजाला सुकाणू असतं. पाण्यात उभी धरलेली ती फळी असते. इंजिन बंद केलं तरी जहाज पुढं जातंय तोवर फळीवरून पाणी वाहतं आणि थोडंफार वळण मिळत राहतं. तुमच्या कॅटामरानला ती फळीच नाही. पाण्याखाली काहीही लोंबत नाही, म्हणून तर ती उथळ पाण्यात जाते आणि वेगात इतकी मोकळी पळते. धार हाच तिचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, आणि धार हेच तिचं सुकाणू. रेस सोडली की दोन्ही एकदम जातात. वर कॅटामरानच्या दोन्ही होड्या लांब आणि अरुंद, रुळावरून चालल्यासारखी ती सरळ जायला बघते.

आता बकेट. नोझलच्या मागं एक झाकण असतं, हायड्रॉलिकवर वरखाली होणारं. वर असलं की सगळी धार मागं जाते आणि बोट पुढं. पूर्ण खाली आणलं की धार त्यात आपटून पुढच्या बाजूला, बोटीच्या बुडाखाली वळते आणि बोट मागं. मध्ये कुठंतरी एक जागा अशी येते की जितकं पाणी मागं जातं तितकंच पुढं. बोट जागच्या जागी उभी. पण पंप चालू आहे, धार जिवंत आहे, म्हणजे चाकही जिवंत आहे.

गिअरबॉक्स उलटा फिरवायचा नाही, इंजिन बंद करायचं नाही. वेग बकेटनं कमी करायचा, रेसनं नाही. ही एक गोष्ट हाताला लागली की निम्मं काम झालं.

करून बघा: मोकळ्या पाण्यात थांबा. आरपीएम मधोमध कुठंतरी ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. बकेट हळूहळू खाली आणा आणि बोट कुठल्या आकड्याला थांबते ते वहीत लिहा. बरोबर ५० ला थांबेल असं धरू नका, प्रत्येक बोटीचं वेगळं असतं. नंतर त्याच आकड्यावर ठेवून चाक फिरवा आणि काय होतं ते इथं कळवा.

नववी गल्ली (मंगळवार, सायंकाळी ७.४५)

आकडेमोड करायचा मोह होतोय. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, तेवढं चालवून घ्या.

धारेचं बळ म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारं पाणी गुणिले धारेचा वेग. आरपीएम निम्मे केले की पाणीही साधारण निम्मं आणि धारेचा वेगही निम्मा, म्हणजे बळ निम्मं नव्हे, पाव होतं. १८०० आरपीएमवरून ६०० वर आलात तर उरतो नववा हिस्सा. नोझल पूर्ण वळवून मिळणारं आडवं बळही त्याच प्रमाणात घटतं. रंकाळाकाठ म्हणतात की बोट ऐकत नाही, ती प्रत्यक्षात ऐकतेय, पण नवव्या हिश्श्यानं. आता १२०० आरपीएम ठेवून बकेट मध्यावर आणा. बोटीला पुढं रेटा नाही, पण धारेत ६०० च्या चौपट बळ शिल्लक आहे.

दुसरं. नोझल साधारण ३० अंशांपर्यंत वळतं. ३० चा साइन अर्धा, म्हणजे धारेचं निम्मं बळ आडवं मिळतं. सुकाणूच्या फळीला हे जमत नाही. म्हणूनच ३४ नॉटला चाकाला बोट लावलं तरी बोट वळते, आणि म्हणूनच त्या वेगात चाक जपून, दोन-चार अंशच फिरवायचं.

तिसरं, थांबायचं अंतर. ३४ नॉट म्हणजे सेकंदाला १७.५ मीटर. सेकंदाला १ मीटर या दरानं वेग उतरवला तर १७-१८ सेकंदांत बोट उभी राहील आणि तेवढ्यात १५३ मीटर जाईल, जेमतेम चार बोटींची लांबी. पण त्या दरानं उभा माणूस धडपडतो. एसटीत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की काय होतं ते आठवा. त्याच्या निम्म्या दरानं उतरवलं तर ३५ सेकंद आणि ३०६ मीटर. अर्धा सागरी मैल म्हणजे ९२६ मीटर. जागा भरपूर आहे. बकेट वापरलीत तर लांबून रेस सोडायची गरजच नाही.

रंकाळाकाठ (मंगळवार, रात्री ११.५५)

कारण सापडलं. दोष बोटीत नव्हता आणि वाऱ्यातही नव्हता, माझ्या मांडणीत होता.

जॉयस्टिकचा लिव्हर मी फक्त रेसला जोडला होता आणि बकेट कीबोर्डच्या दोन बटणांवर होती. त्यामुळं हात आपोआप रेसवर जायचा. आज उलट केलं. रेस बटणांवर टाकली, ६० टक्क्यांवर ठेवली आणि लिव्हर बकेटला जोडला.

तांडेलदादा, माझी बोट ४३ ला थांबते. ४३ वर ठेवून चाक डावीकडं केलं आणि बोट उभ्या जागी फिरायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की ती माझं ऐकतेय. बायकोला उठवून दाखवलं.

आता पुढची अडचण. मागं जाताना चाक डावीकडं केलं की ती भलतीकडंच जाते. कधी कळतं, कधी अजिबात कळत नाही.

तांडेलाचा नातू (बुधवार, सकाळी ८.३०)

वा. ४३ लिहून ठेवलात ना? आरपीएम बदललात की तो आकडाही थोडा सरकेल.

मागं जाताना एकच सूत्र. गाडी विसरायची. चाक ज्या बाजूला, नाळ त्या बाजूला. पुढं जात असा, उभे असा की मागं, नाळ चाकाच्या बाजूलाच फिरणार. म्हणजे मागं जाताना चाक डावीकडं केलंत तर नाळ डावीकडं आणि शेपूट उजवीकडं. मोटारगाडीच्या बरोब्बर उलट.

गंगावेस (बुधवार, दुपारी ४.१५)

काका, तुमच्याशी जरा असहमत आहे. मी मर्चंट नेव्हीत डेकवर आहे, सध्या सुट्टीवर घरी. कोर्समध्ये ज्या हायस्पीड फेरीच्या सिम्युलेटरवर बसले, तिथं मागं जाताना नाळ चाकाच्या उलट बाजूला फिरायची. आम्हाला तसंच शिकवलं.

तांडेलाचा नातू (बुधवार, सायंकाळी ६.००)

मी चौदा वर्षं जे हातानं केलं ते चूक कसं असेल? आमच्या बोटींवर तरी नाळ चाकाच्या बाजूलाच फिरायची.

नववी गल्ली (बुधवार, रात्री ९.१०)

कागदावर काढून बघितलं. दोघंही बरोबर आहात, बकेट दोन तऱ्हेची असते.

पहिल्या तऱ्हेत बकेट बोटीच्या अंगाला बसवलेली असते, नोझलबरोबर फिरत नाही. तिच्यात दोन फाटे असतात, एक डावा आणि एक उजवा. नोझल ज्या बाजूला वळेल त्या फाट्यातून जास्त पाणी जातं. त्यामुळं बकेट वर असो की खाली, आडवा रेटा त्याच बाजूचा राहतो. ही तांडेलदादांची बोट.

दुसऱ्या तऱ्हेत बकेट नोझललाच जोडलेली असते आणि त्याच्याबरोबर फिरते. धार जिकडं जाणार होती त्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला ती फेकली जाते, म्हणजे आडवा रेटाही उलटतो. ही गंगावेस ताईंची फेरी. मोठ्या फेऱ्यांवर ही तऱ्हा बरीच दिसते.

रंकाळाकाठ, तुमची बोट कुठल्या तऱ्हेची ते एका मिनिटात कळेल. बकेट पूर्ण खाली, चाक डावीकडं, आणि नाळ बघा.

तांडेलाचा नातू (बुधवार, रात्री ९.४०)

मान्य. ताई, तुमचं बरोबर होतं. इतकी वर्षं एकाच तऱ्हेच्या जेटवर काढली, दुसरी हाताखालून गेलीच नाही.

गंगावेस (बुधवार, रात्री ९.५५)

काका, मी पण दुसऱ्या तऱ्हेच्या जेटवरच शिकले. आज मलाही नवीन कळलं.

रंकाळाकाठ (बुधवार, रात्री ११.२०)

माझी दुसऱ्या तऱ्हेची निघाली. 'कधी कळतं, कधी कळत नाही' असं का व्हायचं तेही उमगलं. बकेट ४३ च्या आसपास असताना ती मध्येच बाजू बदलते.

थर्ड इयर मेक (गुरुवार, दुपारी १२.३०)

मूलभूत प्रश्न विचारतो. एवढं सगळं करण्यापेक्षा साधा पंखा आणि सुकाणू का लावत नाहीत?

शिरोळचा पंपवाला (गुरुवार, रात्री ८.२०)

चांगला प्रश्न हाय पोरा. ह्याची गोष्ट मला लई आवडती, कारण ती एका शेतकऱ्याच्या वर्कशॉपमधली हाय. न्यूझीलंडचा बिल हॅमिल्टन. मेंढ्यांचं रान, माती खणायची यंत्रं सोताच बनवायचा. त्याच्या गावाकडच्या नद्या रुंद आणि उथळ, दगडगोट्यांनी भरलेल्या. पंख्याची बोट घातली की पंखा मोडायचा. मग त्यानं १९५० च्या दशकात पंप लावून बोट केली. सुरवातीला धार पाण्याखाली सोडत हुता, वेग काय येईना. धार पाण्याच्या वर हवेत सोडली आणि बोट पळायला लागली. १९६० साली त्याच्या बोटी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधनं प्रवाहाच्या उलट वर चढून गेल्या.

आपल्या उद्यमनगरात असली डोकी पायलीला पन्नास हायत. त्यांच्या वाट्याला तसली नदी आली न्हाय, एवढंच.

गंगावेस (गुरुवार, रात्री ९.३०)

पंख्याचं म्हणाल तर साधारण २५-३० नॉटपर्यंत साधा पंखाच किफायतशीर. त्यापुढं पंख्यावर बुडबुडे धरायला लागतात आणि पंखा, त्याचा दांडा, सुकाणू ही सगळी पाण्याखालची लोंबकळ वेग खाते. जेटला ती नाही. उलट कमी वेगात जेट डिझेल खातं. म्हणून जेट फेरी दिसते ती लांब, मोकळ्या, घाईच्या मार्गावर. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या होबार्टमध्ये अशा कॅटामरान बनतात. तिथं बांधलेल्या ७४ मीटरच्या 'हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन'नं १९९० मध्ये अटलांटिक ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत ओलांडून वेगासाठीची हेल्स ट्रॉफी घेतली. २०१३ ची 'फ्रान्सिस्को' तर चाचणीत ५८ नॉटपर्यंत गेली.

कळंबा रोड (गुरुवार, रात्री १०.०५)

सगळं वाचतोय, छान चाललंय. पण मनापासून विचारतो, खेळावर शिकून खऱ्या बोटीवर काही उपयोग होतो का? पाणी अंगावर येत नाही, भीती नाही, माणसं नाहीत.

गंगावेस (गुरुवार, रात्री १०.४०)

होतो. खऱ्या अधिकाऱ्यांचं रडारचं प्रशिक्षण सिम्युलेटरवरच होतं. हायस्पीड बोटींना तर जागतिक नियमच वेगळे आहेत. नुसतं कॅप्टनचं लायसन पुरत नाही, त्या बोटीसाठी आणि त्या मार्गासाठी वेगळं टाइप रेटिंग लागतं, तेही दर दोन वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. विमानाच्या पायलटसारखंच. कारण हेच, एका बोटीवरची सवय दुसरीवर नेली तर ती अंगाशी येते. रंकाळाकाठ दादांनी मालवाहू जहाजाची सवय कॅटामरानवर नेली आणि एकवीस वेळा आपटले. खऱ्या बोटीवर एकदाही परवडणार नाही.

घरच्या सिम्युलेटरमध्ये दोन गोष्टी मिळत नाहीत. एक म्हणजे पायाखालचा धक्का, म्हणजे बकेट जोरात पडल्याचं शरीराला कळतं ते. दुसरी म्हणजे मागं उभी असलेली माणसं. दादा, तुम्ही ३०० माणसं मनात धरून चालवता हे वाचून खूप बरं वाटलं. बोट मोकळी समजून चालवायची सवय लागली की सुटत नाही.

ज्यांना खर्च नको त्यांनी 'ब्रिज कमांड' बघावा. फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. रडार आणि दिव्यांची ओळख त्यावर छान होते.

रंकाळाकाठ (शनिवार, रात्री १२.३०)

आज धक्क्याजवळ गेलो. वेग उतरवताना मध्येच १८-१९ नॉटला बोट अडखळते, मागची लाट उंच होते, आणि अजून कमी केलं तर तीच लाट येऊन मागनं ढकलते. हे असंच असतं का?

नववी गल्ली (शनिवार, सकाळी १०.००)

असंच असतं. वेगानं पळताना बोट स्वतःच्या लाटेच्या पुढं असते, हळू चालताना लाटेत बसलेली असते. ह्या दोन्हींच्या मध्ये एक चढ असतो. ४० मीटरच्या बोटीला तो साधारण १७ ते २० नॉटला येतो. कॅटामरानच्या होड्या अरुंद म्हणून चढ लहान, पण लाट उठतेच.

त्यात पाणी उथळ असेल तर भर पडते. उथळ पाण्यात लाटेला पळायची एक कमाल मर्यादा असते, खोली आणि ९.८१ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १० मीटर खोलीला ती सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे १९ नॉट. ५ मीटरला साडेतेरा. तुम्ही नेमके त्या वेगानं गेलात तर लाटा पुढं निसटू शकत नाहीत, साचत जातात. ती लाट किनाऱ्यावरच्या लहान होड्या उलटवू शकते. म्हणून त्या पट्ट्यात रेंगाळायचं नाही. २५ वरून एका दमात १० च्या खाली यायचं.

तांडेलाचा नातू (शनिवार, दुपारी ३.१५)

एका दमात म्हणजे दणका देऊन नव्हे. पूर्ण वेगात बकेट एकदम पूर्ण खाली पाडली की नाळ पाण्यात घुसते, उभी माणसं पुढं फेकली जातात आणि बकेटच्या बिजागऱ्यांवर सगळा भार येतो. ते फक्त समोर माणूस पाण्यात दिसला तर. तेव्हा मात्र विचार करायचा नाही.

माझी सवय सांगतो. मैलभर आधी आरपीएम थोडे उतरवायचे, पूर्ण नाही. बोट २५ वर आली की बकेट हळूहळू खाली, चढ ओलांडून ८-१० नॉटवर. मागची लाट येऊन ढकलते तिच्यासाठी दोन बोटलांबी मोकळी ठेवायची, ती पुढं निघून जाऊ द्यायची. तीन लांबी उरल्या की ५ नॉट, एक लांबी उरली की २. बकेटला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला काही सेकंद लागतात, म्हणून हात नेहमी बोटीच्या पुढं असावा. वळणाचंही तसंच. नाळ हव्या दिशेला पोचायच्या आधीच चाक उलटं देऊन वळण मोडायचं, नाहीतर ती पुढं निघून जाते.

शिरोळचा पंपवाला (शनिवार, रात्री ८.५०)

आणखी एक. बोट उभी असताना पूर्ण रेस देऊ नगंस. तोंडातनं पुरेसं पाणी येत न्हाय आणि इंपेलर जास्त मागतो, मग बुडबुडे धरतात. उन्हाळ्यात नदी खाली गेल्यावर सक्शनला पाणी कमी पडलं की पंप कसा खडखडतो, आत वाळू फिरल्यासारखा? तोच आवाज. इंपेलर उघडून बघितला की पानांवर देवीचे वण असावेत तसे खड्डे. खऱ्या जेटलाबी तेच हुतंय.

आणि तोंडाला जाळी असती. आमच्याकडं पंचगंगेत जलपर्णी सक्शनला लागती तशी तिथं प्लॅस्टिक आणि जाळ्याचे तुकडे लागतात. एका बाजूचं जेट कोंडलं की बोट तिकडंच वळायला लागती आणि इंजिन हलकं पळतं. गिअरबॉक्स उलटा फिरत असला तर पाणी उलटं सोडून तोंड धुता येतं.

रंकाळाकाठ (रविवार, सायंकाळी ५.४०)

सकाळपासून बसलोय. वारा शून्य असताना सातपैकी सहा वेळा अलगद लागली. आता आडवं सरकणं शिकायचंय. जेटी डावीकडं आहे, बोट तिला समांतर दहा मीटरवर उभी. पुढं-मागं न जाता डावीकडं कशी सरकवू?

तांडेलाचा नातू (रविवार, रात्री ७.३०)

कॅटामरानची खरी मजा इथं आहे. दोन्ही जेट एकमेकांपासून लांब असतात, म्हणून एक पुढं आणि एक मागं केलं की बोट भोवऱ्यासारखी फिरते.

डावीकडं सरकायचं तर उजवं जेट पुढं आणि डावं मागं करा. नाळ डावीकडं फिरायला बघेल. आता चाक उजवीकडं द्या. नाळ फिरायची थांबते आणि अख्खी बोट डावीकडं सरकते. नाळ आत येत असेल तर चाक अजून उजवीकडं, शेपूट आत येत असेल तर थोडं कमी. अगदी थोडं थोडं.

गंगावेस (रविवार, रात्री ७.५५)

काका, दादांची बोट दुसऱ्या तऱ्हेची आहे. मागं चाललेल्या डाव्या जेटचा आडवा रेटा उलटेल आणि दोन्ही एकमेकांना खातील. अशा बोटीवर दोन्ही नोझल वेगवेगळी वळवावी लागतात. उजवं जसं काकांनी सांगितलं तसं, डावं त्याच्या उलट. खऱ्या फेरीवर जेटीजवळ सगळं एका जॉयस्टिकवर घेतात, कॉम्प्युटर हिशोब करतो. तुमच्या सिम्युलेटरमध्ये नोझल सुटी करायची सोय आहे का बघा.

रंकाळाकाठ (रविवार, रात्री ११.५०)

सोय आहे, सेटिंगमध्ये खोलवर. सुटी केली. पहिल्या चार वेळा गोल फिरलो, पाचव्या वेळी दहा मीटर खेकड्यासारखी सरकली आणि फेंडरला टेकली. आवाजसुद्धा झाला नाही.

मग वारा लावला, जेटीकडून बोटीकडं १५ नॉट. नाळ लगेच बाहेर जाते. बोट हलकी, पाण्यात कमी, वर उंच. वाऱ्याला पकडायला भिंतच मिळते.

शिरोळचा पंपवाला (सोमवार, सकाळी ६.१५)

वारा आणि वढ ह्यांच्याशी भांडायचं न्हाय, त्यांना तोंड द्यायचं. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं हुतं. आमच्याकडं माणसं काढायला मी एका नावाड्याबरं होडीत हुतो. घराला होडी लावायची तर तो आधी घर सोडून खाली जायचा, मग नाळ वढीकडं करून वर यायचा. होडी घरापाशी उभीच राहायची, पाणी मात्र खालनं पळत असायचं. मी म्हटलं सरळ का जात न्हाईस? म्हणाला, वढीबरं गेलो तर होडी माझं ऐकत न्हाय, वढीचं ऐकती.

तुझ्या बोटीचं तेच. वाऱ्याकडं नाळ तिरकी ठेवून ये.

तांडेलाचा नातू (सोमवार, सकाळी ९.००)

माझे आजोबाही शिडाची होडी बंदरात अशीच आणायचे. वारा जेटीकडून असेल तर नाळ वीस-पंचवीस अंश जेटीकडं तिरकी ठेवून या, नाळेचा दोर आधी द्या, मग शेपूट आत घ्या. बेत फसतोय असं वाटलं तर एक लांबी उरलेली असतानाच बाहेर पडा आणि फिरून परत या. त्यात काही कमीपणा नाही.

रंकाळाकाठ (मंगळवार, रात्री ११.३५)

१५ नॉट वाऱ्यात लागली. तिसऱ्या प्रयत्नात. दोनदा बाहेर पडलो, तांडेलदादांनी सांगितलं तसं. पण लागल्यावर मी लगेच इंजिन बंद केलं आणि बोट परत दोन मीटर बाहेर गेली.

गंगावेस (मंगळवार, रात्री ११.५०)

दोर बांधून होईपर्यंत जेट चालू, बकेट तुमच्या ४३ वर. चारही दोर कसले की मग इंजिन. आणि बकेट मध्यावर असली तरी पाण्याखाली धार चालूच असते हे ध्यानात ठेवा, शेपटीजवळ कुणी पाण्यात नाही ना ते आधी बघा.

रंकाळाकाठ (बुधवार, रात्री १२.२०)

दोर आधी, इंजिन मग. आत्ता परत करून बघितलं, चारही दोर कसून. उभी आहे.